उभ्या झाडांना काय दर मिळतो? साग, फणस, ऐन, किंजळ, खैर सगळं मिळून 1 लाख 80 हजार सांगतोय, देऊ का

डोंबिवलीकर_लांजा

नमस्कार मंडळी. गाव लांजा तालुक्यात, आम्ही सगळे इकडे डोंबिवलीला, गावी फक्त काकी असते. घरामागे साधारण सव्वादोन एकर आहे त्यात आजोबांनी 1994 साली साग लावला होता, आणि बाकी ऐन किंजळ वगैरे आपसूक वाढलेलं रान आहे. शिमग्याला गेलो तेव्हा शेजारच्या वाडीतला एकजण एका लाकूड व्यापाऱ्याला घेऊन आला. तो रानात एक चक्कर मारून आला, अर्धा तास पण नसेल लागला, आणि म्हणाला सगळं उक्तं दे, 1 लाख 80 हजार देतो, तोडणी, गाडी, परवानगी सगळं माझं, तू फक्त सह्या कर.

काकीच्या अंदाजाने साग 38, ऐन 9, किंजळ 6, फणस 3, रायवळ आंब्याची जुनी झाडं 2, खैर 11 आणि बांधावर आकेशिया 20 एक आहेत. मला यातलं काही कळत नाही. एकरकमी बघितली तर रक्कम मोठी वाटते आणि घराचं छप्पर करायचंय त्यामुळे पैशाची गरज पण आहे, पण तो ज्या घाईने बोलत होता (पंधरा दिवसात सांग, पावसाच्या आधी तोडायचंय) त्याने मन मानत नाहीये. आजोबांनी डोक्यावरून कळशीने पाणी घालून जगवलेली झाडं आहेत हो, फुकटात जाऊ नयेत एवढंच. कोणत्या जातीच्या झाडाला जागेवर काय भाव मिळतो आणि तो ठरवतात कसा, कोणी विकली असतील तर प्लीज सांगा.

गडगा_आणि_काजू

दादा पहिली गोष्ट, सही करू नका. मी संगमेश्वर तालुक्यात, स्वतःची आणि भावकीची मिळून तीनदा झाडं विकलीत त्यामुळे अनुभवाने सांगतो. उक्तं मागतो तो तुमच्या सगळ्या रानाचा भाव करत नसतो, त्याच्या डोक्यात चार-पाच झाडं असतात ज्यात त्याचे पैसे सुटतात आणि बाकी सगळं त्याला वरकड पडतं. म्हणून तो जातवार बोलत नाही. त्याला एकच विचारा की सागाचे किती धरलेस, फणसाचे किती धरलेस, खैराचे किती. तो उत्तर टाळेल बघा.

माझ्याकडे गेल्या हंगामात जे जागेवर मिळाले ते सांगतो, म्हणजे झाड उभं असताना, तोडणी गाडी सगळं व्यापाऱ्याचं. साग 30 इंचाच्या वरच्या घेराचा 850 रुपये घनफूट, त्यात दोन झाडं चांगली जाड होती त्यांना 1000 दिला. त्याच्या खालचा बारीक साग तो फुटावर घेतच नव्हता, वाशाच्या हिशोबाने नगावर घेतला. फणस 450, ऐन आणि किंजळ 250, रायवळ आंबा 120. आकेशिया टनावर, 2500 टन जागेवर. हे माझ्या रानाचे माझ्या रस्त्याचे भाव आहेत, तुमच्याकडे तेच मिळतील असं नाही. माझं रान डांबरी रस्त्यापासून दोनशे पावलांवर आहे. तुमचं जर खाली वहाळाच्या पलीकडे असेल आणि ओंडके माणसांनी खांद्यावर नाहीतर क्रेन लावून वर काढायला लागणार असतील तर तोच साग 600 ला पण मागतील, आणि त्यात त्याची लबाडीच असते असं नाही, मजुरी खरंच जाते.

खैर मात्र बघा. अकरा खैर म्हणताय. खैर टनावर किंवा जळाऊ म्हणून कधीच देऊ नका, तो किलोवर जातो. आतला लाल गाभा कातासाठी लागतो, चिपळूण सावर्डे भागात कातवाले आहेत त्यांना तो पाहिजेच असतो. बरेच व्यापारी उक्त्यात खैर "हे काय काटेरी, ह्याचं काय येतं" म्हणून बाजूला टाकतात आणि गाडीत सगळ्यात आधी तोच भरतात.

रंधा_पटाशी

वखारीत 22 वर्षं काम केलंय, आता स्वतःचं सुतारकाम बघतो. मोजणी कशी होते ते सांगतो कारण खरी फसवणूक दरात कमी आणि मोजणीत जास्त होते.

गोल लाकूड मोजायची वखारीतली पद्धत अशी. ओंडक्याच्या बरोबर मध्यावर टेप गुंडाळायचा, जो घेर येईल तो इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी फुटात, भागिले 2304. आलं ते घनफूट. 48 इंच घेर असेल तर 48 गुणिले 48 म्हणजे बरोबर 2304 च होतात, म्हणजे 48 इंची लाकूड जेवढे फूट लांब तेवढे घनफूट. हे डोक्यात ठेवलं की कुणीही समोर कागदावर आकडे फिरवले तरी लगेच कळतं.

आता यातली गंमत नाही तर खरी गोम बघा. 21 इंच मध्य घेराचा 12 फुटी साग घेतला तर सव्वादोन घनफूट माल निघतो. 32 इंची 16 फुटी घेतला तर सात फूट. आणि 44 इंची 20 फुटी सरळ सोट असेल तर पावणेसतरा फूट. घेर दुप्पट झालेला दिसतो पण माल सातपट झालेला असतो, आणि वर जाड लाकडाला फुटाचा दर पण जास्त. म्हणून "38 झाडं, एका झाडाचे सरासरी अमुक" असा हिशोब करणारा माणूस तुमची जाड झाडं बारीक झाडाच्या भावात नेतो. सरासरी काढूच नका.

अजून एक. ही मोजणी (हिला चौथाई घेराची मोजणी म्हणतात) खऱ्या लाकडापेक्षा कमीच भरते. शंभर घनफूट खरं लाकूड असेल तर या हिशोबात साडेअठ्ठ्याहत्तर येतं. ती पद्धत पूर्वीपासून अशीच आहे, चौकट पाडताना बाजूची सालपटं, भुसा वाया जातो तो आधीच धरलेला असतो. म्हणून कोणी ह्या मोजणीवर परत "घट" म्हणून दहा-पंधरा टक्के कापायला लागला तर कापू द्यायचं नाही, घट एकदा गेलेली आहे. सालीची जाडी वजा करतात ते मात्र बरोबर आहे, त्यावर भांडू नका.

कोणतं लाकूड कशाला जातं ते पण समजून घ्या कारण भाव त्यावरच असतो. सागाला वाळवी खात नाही, वाकत नाही, रंधा मऊ चालतो, म्हणून दार खिडकी फर्निचर. पण सागातला आतला गाभाच टिकतो, बाहेरचा पांढरा भाग किडतो. तीस वर्षाच्या बारीक झाडात पांढरं जास्त आणि गाभा कमी असतो म्हणून त्याला भाव नाही. फणस पिवळाधमक निघतो, नंतर तांबूस होत जातो, देव्हारे, पाट, खुर्च्या, आमच्याकडे फणसाच्या देव्हाऱ्याला आजही गिऱ्हाईक थांबतं. ऐन जड आणि कडक, तासताना हात भरून येतात, पण घराच्या तुळईला वाशाला एक नंबर. किंजळ तसाच, जुन्या घरांचे खांब बघा. आंबा हलका, ओल लागली की कीड पकडतो, म्हणून पेट्या, शटरिंग, प्लायवूडच्या आतली पट्टी. त्याचा घेर प्रचंड असतो, 108 इंची आठ फुटी एकच ओंडका चाळीस घनफूट भरतो, पण दर कमी.

फणस विकताना आधी ढोली बघा. कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर खालपासून वरपर्यंत ठोकत जायचं, भरीव असेल तर टक टक आवाज येतो आणि पोकळ असेल तिथे आवाज एकदम बसका होतो, हाताला पण कळतं. तुम्ही आधी ठोकून बघितलं असेल तर तो व्यापारी पोकळीच्या नावावर भाव पाडू शकत नाही. आणि बुंध्यात कोणी तारेचे खिळे, कपडे वाळत घालायचे हूक मारलेत का ते आठवा आणि त्याला सांगून टाका. करवतीचं पातं खिळ्यावर गेलं की पातं तर जातंच पण समोर उभ्या माणसाला इजा होते, आमच्या वखारीत झालेली आहे.

चंदगडचा_पाव्हणा

मी फसलोय म्हणून लिहितोय, तुम्ही फसू नका. चार वर्षांमागं आमच्याकडनं एका व्यापाऱ्यानं उक्तं घेतलं, 40 हजार इसार दिला आणि बाकीचे माल उचलल्यावर म्हणाला. मी पुण्यात, गावाकडं वडील एकटेच. तीन दिवसात सगळी जाड झाडं तोडून नेली, वर पाच झाडं ठरल्यातली नव्हती ती पण गेली, फांद्या पाला सगळा उसात पाडून ठेवला आणि माणूस नंतर फोन उचलंना. वडिलांना जे वाटलं ते वाटलं, ते अजून तिकडच्या बांधावर जात न्हाईत. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न हाच की किती झाडं होती, कुठली होती, पुरावा काय. माझ्याकडं एक कागद न्हवता.

त्यामुळं आता गावातल्या प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक झाडावर ऑइल पेंटनं नंबर दोन ठिकाणी टाकायचा, एक छातीएवढ्या उंचीवर आणि दुसरा अगदी बुडाशी मुळाजवळ, करवत जिथनं फिरणार त्याच्या खाली. झाड गेलं तरी खालचा नंबर बुंध्यावर ऱ्हातो आणि नंबर नसलेला बुंधा दिसला की चोरी उघडी पडते. वहीत नंबर, जात, घेर, फोटो. शंभर रुपयाचा रंगाचा डबा लागतो फक्त. आणि पैशे असे ठरवा की कुऱ्हाड लागायच्या आधी एक तृतीयांश, आणि गाडी आवारातनं हलायच्या आधी राहिलेले सगळे. बँकेत. उधारीवर एक ओंडका सुद्धा न्हाई. करारात मुदत घाला, काजूची कलमं, गडगा, पाण्याची पाइप मोडली तर भरपाई कोण देणार ते घाला. व्यापारी नाराज होतो म्हणून लाजू नका, प्रामाणिक माणूस ह्या अटीला हो म्हणतो, मी पुढच्या वेळी दुसऱ्याला दिली त्यानं सगळं मान्य केलं.

वनपट्टी_चंद्रपूर

भाऊ, दराबद्दल एक सांगतो, नेटवर बल्लारशाहच्या लाकूड डेपोचे सागाचे लिलावातले भाव बघून तुमच्या सागाला तेवढे मिळतील असं मनात धरू नका. इकडचा चंद्रपूर गडचिरोलीचा साग जुना, घट्ट रेषेचा, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना 2023 मध्ये इथूनच गेला. डेपोत तो माल घेर आणि लांबीप्रमाणे वेगळा लावलेला असते, तोडून, वाहून, मोजून, थप्पी लावून. तुमचं झाड उभं आहे. डेपोच्या भावातून तोडणी, ओढणी, गाडी, परवानगीची धावपळ, पोकळ निघालं तर त्याचा धोका आणि व्यापाऱ्याचा नफा एवढं सगळं वजा केलं की उभ्या झाडाचा भाव येते. निम्म्याच्या आसपास आला तरी मी नवल मानत नाही. पण उलट बाजूने तो डेपोचा भाव तुमच्या हातात असला की बोलणी करताना फायदा होते, वन विकास महामंडळाचे लिलाव नेहमी होत असतात, नजर ठेवा.

आता परवानगीचं नीट समजून घ्या, कारण "परवानगी माझी" म्हणणाऱ्यावर विसंबून राहिलात तर केस झाडमालकावर पण येऊ शकते. आपल्याकडे 1964 चा झाडे तोडण्याचा नियमन कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत ठराविक जाती दिल्यात. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, मोह, चिंच, हिरडा, चंदन, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि खारफुटी. म्हणजे तुमच्या यादीतलं आकेशिया सोडलं तर सगळंच अनुसूचीत येते. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तालुक्याच्या वनक्षेत्रपाल ऑफिसात विचारा, सातबारा, आठ अ, नकाशा, झाडांची यादी घेऊन जा. ते जागेवर येऊन झाडं बघतात, आणि माल हलवायला वाहतूक परवाना वेगळा. कोऱ्या अर्जावर सही करून व्यापाऱ्याला देऊ नका, यादी भरलेली असली पाहिजे, नाहीतर 30 च्या परवानगीवर 50 झाडं जातात.

आणि कोणी आदिवासी खातेदार हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, त्यांच्या झाडांची विक्री वन खात्यामार्फत होते, खाजगी व्यापाऱ्याला परस्पर देता येत नाही. आमच्या भागात याची माहिती नसल्यामुळे लोकांकडून मोहाची आणि सागाची मोठमोठी झाडं किरकोळ पैशात नेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांना हातात जे टेकवलं तेच ते खरं मानत होते. फार वाईट वाटते.

डोंबिवलीकर_लांजा

खूप खूप आभार सगळ्यांचे, मला एवढं माहितच नव्हतं. सातबाऱ्यावर वडील, काकी आणि दोन आत्या अशी नावं आहेत. आत्यांची संमती लागेल का? आणि व्यापाऱ्याचा रोज फोन येतोय.

गडगा_आणि_काजू

लागणार म्हणजे काय, लागणारच. सामाईक सातबारा असेल तर सगळ्यांचं संमतीपत्र घ्या, आणि फक्त कागदासाठी नको, आत्यांना नीट फोन करून सांगा कोणती झाडं, किती पैसे येणार, कसे वाटणार. कोकणात निम्मी भांडणं झाडावरून आहेत. फोन करणाऱ्याला सांगा मोजून मग बोलतो.

पायवाट_राजापूर

ताई आहे मी, काजू आणि थोडी भातशेती बघते. सगळेजण भाव सांगताय ते बरोबरच आहे पण मला वेगळं विचारायचंय की सगळी झाडं विकायचीच आहेत का? छपरासाठी पैसे पाहिजेत तर सागात ते सुटतात का बघा आधी. ऐन किंजळाचे नऊ आणि सहा मिळून जे काही तीस चाळीस हजार येतील ते एकदाच येतील. आमच्याकडे भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) जमीन भाजतात त्या भाजावळीला ऐन किंजळाचा टाहाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, काढतो, दर वर्षी काढतो आणि दर वर्षी परत फुटतो, ती झाडं माझ्या आजेसासूच्या आधीपासून उभी आहेत. तुमची काकी अजून भात लावत असेल तर तिला विचारा तिचा टाहाळ कुठून येतो.

फणसाचं पण तसंच. अठरा घनफुटाचा ओंडका निघाला तर 450 ने आठ हजार येतील. चांगला कापा (घट्ट गऱ्यांचा) असेल तर तो फणस किती वर्षं गरे देतोय आणि अजून किती देईल. ढोलीचा, फळ न धरणारा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि साग कापलात तरी बुंधा खणून काढू देऊ नका, जमिनीलगत साफ कापायला सांगा. सागाला बुंध्यातून फुटवे येतात, त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे काढले तर परत झाड उभं राहतं, नवीन रोप लावायची गरज नाही. आकेशिया मात्र खुशाल द्या, त्याच्याखाली गवत सुद्धा नीट येत नाही. आकेशियाचं वजन ज्या दिवशी तोडाल त्याच दिवशी काट्यावर करा आणि स्वतः गाडीबरोबर जा, चार दिवस पडून राहिलं की ओल सुकून वजन चांगलंच उतरतं आणि नुकसान तुमचं.

रंधा_पटाशी

ताईंच्या म्हणण्याला अनुमोदन. सुतार असून सांगतो, हल्ली वखारीत जुना ऐन बघायला मिळत नाही. आहे ते राहू द्या.

डोंबिवलीकर_लांजा

मंडळी, शनिवार रविवार गावी जाऊन आलो. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, म्हणून सविस्तर लिहितोय, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

मी, माझा चुलतभाऊ आणि काकी. टेप, शिडी, लाल ऑइल पेंटचा डबा आणि शाळेची दोनशेपानी वही. सकाळी सातला सुरू केलं ते साडेबाराला ऊन सोसेना म्हणून थांबलो आणि परत चारला. शिडी लावून भाऊ मध्यावर टेप गुंडाळायचा, मी खाली लिहायचो. सागाची कोवळी पानं चोळली की हात लाल होतात हे लहानपणी माहीत होतं, ते काकीने परत करून दाखवलं. एका झाडावर ओंबीलांचं (चावऱ्या लाल मुंग्यांचं) घरटं होतं, भावाने न बघता हात घातला आणि शिडीवरून जवळजवळ उडीच मारली, त्यामुळे ते एक झाड अंदाजाने लिहिलंय.

साग 38 नाही, 41 निघाले. तीन झाडं वहाळाच्या कडेला करवंदीच्या जाळीत होती जी काकीला पण आठवत नव्हती. रंधा पटाशी दादांच्या हिशोबाने वहीत असं आलं: 42 इंचाच्या वर 5 झाडं, त्यांचं मिळून 70 घनफूट. 30 ते 42 मध्ये 17 झाडं, 110 फूट. आणि 30 च्या खाली 19 झाडं, त्यांचं सगळं मिळून फक्त 47 फूट. म्हणजे एकूण 227 आणि त्यातले 180 फूट फक्त 22 झाडांत. मी दोन दोनदा बेरीज केली. ती पाच झाडं घराच्या मागच्या बाजूला न्हाणीच्या पाटाला लागून आहेत, वर्षानुवर्षं सांडपाणी तिकडेच जातं, म्हणूनच एवढी जाड झाली असणार. व्यापारी त्या दिवशी तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभा होता हे आता आठवतंय.

फणसांपैकी एक ठोकल्यावर कमरेएवढ्या उंचीपासून वर बसका वाजतो, बाकी दोन भरीव आहेत. पण त्यातला विहिरीजवळचा कापा काकी देणार नाही म्हणाली, तो तिच्या लग्नाच्या वर्षी लावलेला आहे, मी पुढे बोललोच नाही. ऐन किंजळाचं विचारलं तर म्हणाली टाहाळ तिथूनच येतो, तुला काय वाटलं. पायवाट ताई, तुमचं अगदी बरोबर निघालं.

मग त्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि वही समोर ठेवली. पहिल्यांदा म्हणाला एवढं मोजून कोण घेतं. मी म्हटलं मग राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. त्याच वेळी चुलतभावाने राजापूर बाजूच्या अजून एकाला बोलावलं होतं, त्याने वही वाचली, चार झाडांवर स्वतः टेप लावून पडताळलं, आणि फक्त जाड 22 साग घेतो म्हणाला. 42 च्या वरचे 1000 ने, बाकीचे 850 ने. 70 हजार आणि साडेत्र्याण्णव हजार, मिळून 1 लाख 63 हजार 500. म्हणजे पहिला माणूस सगळ्या रानाचे जेवढे देत होता त्याच्या जवळपास फक्त 22 सागाचे येतायत, आणि 19 बारीक साग, ऐन, किंजळ, खैर, फणस, आंबे सगळे जागेवर राहतायत. काकीला आकडा सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही, उठून आजोबांच्या फोटोला हात जोडून आली.

आत्यांशी बोललो, दोघी संमती द्यायला तयार आहेत. परवानगीचा अर्ज आम्हीच करणार, त्याला नाही देणार. आता दोन प्रश्न राहिलेत. एक, पावसाआधी परवानगी झाली नाही तर घाई करू का? दोन, खैर आता विकायचा का थांबायचं?

वनपट्टी_चंद्रपूर

घाई अजिबात करू नका. अर्ज आत्ताच टाका, त्यांना जागेवर येऊन पाहायला वेळ लागते. तोडणी दिवाळीनंतर केली तरी साग कुठं जात नाही, उलट पावसाच्या तोंडावर तोडून माल रानात अडकला तर रस्ता चिखलाचा, गाडी जात नाही, आणि मग व्यापारी भाव पाडते. अर्जात फक्त 22 नंबर लिहा, जे वहीत आहेत तेच, बुडाचा लाल नंबर सकट.

गडगा_आणि_काजू

खैराचा घेर बघा. मनगटाएवढे असतील तर आत गाभा फारसा नसतो, सोलल्यावर हातात काहीच राहत नाही, ते वाढू द्या. मांडीएवढे झाले असतील तर वेगळा अर्ज करून वेगळे विका, सागाच्या गाडीत मिसळू नका. आणि राखण ठेवा, खैर रात्रीचा चोरीला जातो, काकीला सांगा तिकडे करवतीचा आवाज आला तर एकटीने जायचं नाही, आधी वाडीत फोन करायचा.

पहिल्या व्यापाऱ्याला पण नीट सांगून टाका की दुसऱ्याला दिलं, गावात रोज तोंड बघायचंय.

चंदगडचा_पाव्हणा

दादा वहीचा फोटो काढून ठेवा, सगळ्या पानांचा, आणि दोन्ही आत्यांना पण पाठवा.

डोंबिवलीकर_लांजा

खैर सगळे मनगटापेक्षा थोडेच जाड आहेत, दोनच मांडीएवढे. ठेवतो मग. वहीचे फोटो आत्ता पाठवले. सोमवारी रजा टाकून सातबारा आणि आठ अ काढायला जातोय.